टीचर, दार आपशींच धांपलें!

मी समुपदेशक. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांचं गाऱ्हाणं साधारण एकच असतं, "मॅडम, आताची पोरं ऐकतच नाहीत, गोष्ट सांगा नाहीतर व्हिडिओ दाखवा, पाच मिनिटांत जांभया, आम्ही करायचं तरी काय?" म्हणून एका बाईंबद्दल लिहितेय. त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पन्नाशी उलटलेल्या, गोव्यात फोंड्याकडे हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या. आल्या होत्या झोपेसाठी. पहाटे तीनला जाग यायची आणि आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर उभा. राजीनाम्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलेला, तोही काढून दाखवला. वडील कीर्तन करायचे, त्यामुळे गोष्ट कशी रंगवायची हे बाईंना कुणी शिकवायला नको. "वीस वर्षं पोरं तोंडाकडे बघत बसायची हो, आता मागच्या बाकावर वहीत गेममधल्या बंदुका काढतात." वर व्हॉट्सअपवर आलेलं ते सोनेरी माशाचं गणित, की माणसाचं लक्ष म्हणे आता त्या माशापेक्षाही कमी, फक्त ८ सेकंद टिकतं. त्या आकड्याला धड आधार नाही हे मी त्यांना सांगितलं, आणि हीच पोरं जत्रेतलं नाटक रात्री दोनपर्यंत बघतात, बांधावर गरी टाकून तीन-तीन तास बसतात, ते कसं काय?

पण माझीही चूक झाली. पहिल्या दोन भेटींत मी श्वासाचे व्यायाम दिले आणि वर म्हटलं, आवाजात जरा चढउतार आणा. कीर्तनकाराच्या मुलीला! बाई सज्जन, हसून ऐकून घेतलं. फरक शून्य.

तिसऱ्या भेटीत आम्ही समुपदेशक नेहमी विचारतो तो प्रश्न विचारला, की या वर्षी एखादा तरी तास आठवतो का, जेव्हा पोरं ऐकत होती? बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, हो, जुलैत एकदा लाईट गेली होती, फळ्यावरचंही दिसेना, म्हणून लहानपणी खाडीचं पाणी अडवणारा गावचा बांध एका रात्री फुटला ती हकीकत सांगायला घेतली, बाबा कंदील घेऊन धावले, शेतात खारं पाणी शिरलं, आणि तेवढ्यात बेल झाली. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधीच पोरं विचारायला लागली, "टीचर, मागीर कितें जालें?"

मी म्हटलं, बाई, थांबा, इथंच आहे ते. एरवी तुम्ही गोष्ट शेवटापर्यंत नेता, वर तात्पर्यही देता, मग पोरांनी करायला उरलं काय?

सहलीचंही तेच. जुन्या गोव्याला नेलं होतं, बसमध्ये माईक घेऊन बाईच बोलत होत्या, पोरांनी निबंधात लिहिलं "खूप मजा आली" आणि फ्राईड राईस. डेव्हिड कोल्ब नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं त्यात आधी अनुभव, मग त्यावर विचार, मग त्यातून नियम काढणं आणि मग तो परत लावून बघणं असं येतं, आणि आपल्या सहली पहिल्या पायरीवरच बसमध्ये चढून घरी येतात.

गावकरी पद्धतीचा, म्हणजे गावाची शेतं-बांध गावानंच मिळून सांभाळायच्या जुन्या पद्धतीचा धडा यायचा होता. शाळेपासून दहा मिनिटांवर खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतं, आणि मानस, म्हणजे बांधातून पाणी सोडायचं दार. मी म्हटलं, भरतीची वेळ बघून पोरांना तिथं न्या आणि १५ मिनिटं काहीही बोलू नका. "१५ मिनिटं गप्प? त्यापेक्षा उपास सांगा मॅडम."

गेल्या पण. हेडमास्तरांची परवानगी काढून, पीटीच्या सरांना सोबत घेऊन. ओहोटी संपत आलेली, मानशीची लाकडी दारं बाहेर ढकललेली, आतल्या पोयीचं, म्हणजे मानशीमागच्या तळ्याचं पाणी चिखलावरून खाडीत चाललेलं. पोरांची दंगामस्ती चालूच, एकाची चप्पल चिखलात रुतली. मग पाण्याची धार मंदावली, थांबली, बाहेरचं पाणी चढायला लागलं आणि दार आपोआप हळूहळू फिरून चौकटीवर धप्पकन बसलं. "टीचर, दार आपशींच धांपलें!"

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर दिलं ते नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या पोरानं, त्याच्या पप्पांनी त्या मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेला. आतलं पाणी जड झालं की दार उघडतं, बाहेरचं झालं की बंद होतं, आणि खेकड्यांनी बांधाला बिळं पाडली तर मात्र दार असून उपयोग नाही, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. मग एका मुलीनं विचारलं, मग एकानं आपल्या वाटणीचा बांध नाही दुरुस्त केला तर? सगळ्यांचीच शेतं जाणार, खारं पाणी काय हद्द बघतं? १५१० साली पोर्तुगीज आले त्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी संस्था एकत्र बसून बांध, शेतं, खर्च का ठरवत होत्या, हे बाई दरवर्षी लिहून द्यायच्या. त्या दिवशी पोरं स्वतःच तिथं पोचली. कोर्गुट भाताचं नाव बाईंनी फक्त शेवटी सांगितलं, खारेपण सोसणारं.

आता प्रत्येक धड्याला मानस कुठून आणणार, पोर्शनही संपवायचाय, त्यामुळे हे टर्ममध्ये एखाददुसऱ्या वेळीच. बाकी दिवशी बाई वर्गातच गोष्ट मध्येच सोडतात. दोघं अजूनही बंदुका काढतात. आणि खरं दुखणं वेगळंच होतं, ते पुढच्या भेटींत निघालं, की पोरांना आता आपली गरजच उरली नाही असं त्यांना वाटत होतं, गप्प राहणं म्हणूनच इतकं जड गेलं. त्यावर आमचं काम चालू आहे, अधूनमधून तीनला जाग येतेच.

परवा त्यांचा मेसेज आला, "मॅडम, बुधवारी भरती साडेअकराला लागते, गणिताच्या सरांकडून तास मागून घेतलाय. आपण गुरुवारी भेटूया?"