गोव्यात पाणी, वीज, शेती आणि निसर्ग ‘एकत्र सांभाळायचं’ म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

तुमचे तीन प्रश्न आहेत. गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर का लागतात? पाणी-ऊर्जा-अन्न-परिसंस्था यांचं एकात्मिक व्यवस्थापन म्हणतात, ते इथे कुणी कधी केलंय का? आणि डिचोलीतल्या तुमच्या बागायतीसाठी सौर पंप घ्यावा का? मी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझी ओळख एवढीच की फोंडा तालुक्यातला आहे, घरचं कुळागर, म्हणजे पोफळीची बागायत, आहे, आणि नोकरी पाणी चढवणाऱ्या पंपांच्या संगतीत गेली.

केलंय. कित्येक शतकं केलंय. 2011 साली जर्मनीतल्या बॉन शहरात या विषयावर परिषद भरली आणि पाणी-ऊर्जा-अन्न हा विचार सरकारी कागदांत रुळला. परिसंस्थेचं शेपूट त्याला नंतर जोडलं गेलं. आमच्या खाजनांत मात्र चारही गोष्टी आधीपासून एका बांधाच्या आत होत्या.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या मुखाकडच्या भागात भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून अडवलेली. गोव्यात अशी जमीन साधारण 18 हजार हेक्टर धरतात. जमिनीची पातळी भरतीच्या रेषेपेक्षा खाली, म्हणजे बांध फुटला की शेत खाडीत गेलंच. बांध चिखल, पेंढा, फांद्या आणि जांभा दगडाचा. त्यात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना डिझेल. निचऱ्याचं सगळं काम भरती-ओहोटी फुकटात करून देते. हॉलंडसारख्या देशात खोलगट जमिनी कोरड्या ठेवायला पंप सतत चालवावे लागतात, हे लक्षात घेतलं म्हणजे आमच्या पूर्वजांनी काय वाचवलं ते कळतं.

दाराच्या आतल्या बाजूला पोंय असते. म्हणजे पाणी साठवणारा चर, आणि तोच मासळीचा पाळणा. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढायचं, मग कोरगुट पेरायचा. हा भात थोडा खारेपणा सोसतो. कापणी झाली की काही ठिकाणी खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासे येतात. उन्हाळ्यात काही भागांत मिठागरं. बांधाच्या बाहेर खारफुटी, ती लाटांचा मार स्वतःवर घेते.

पण यंत्रणेपेक्षा मला तिचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. मानशीवर मासे धरण्याचा हक्क गावकारी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, कोमुनिदाद, दरवर्षी लिलावात द्यायची. त्या उत्पन्नाचा वाटा बांधाच्या डागडुजीला मिळायचा. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारीचे रिवाज लिहून काढले, पण ते रिवाज त्याहून जुने. मासळीसाठी दार जास्त वेळ उघडं ठेवावं असं ठेकेदाराला वाटणारच. भात वाचवायला ते वेळेवर मिटलं पाहिजे. दोन्ही बाजूंचा नफा-तोटा एकाच वहीत पडायचा, म्हणून भांडण निकालात निघायचं. एकात्मिक व्यवस्थापन ते हेच. बाकीचं तंत्र त्यामागून येतं.

हे सुवर्णयुग होतं असं मी म्हणत नाही. गावकारीत बायकांना जागा नव्हती, राबणाऱ्या कुळांना तर नव्हतीच. 1964 चा कूळ कायदा आणि पुढे 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, ते न्याय्यच झालं. पण त्या ओघात वही फाटली. जमीन कुळांकडे, बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे, मोठ्या दुरुस्तीचे पैसे सरकारकडे आणि मानशीचा लिलाव घेणारा तिसराच. त्याने दार उघडं ठेवून रात्रीत मासळी काढली तर नुकसान दुसऱ्याच्या वाफ्यात होतं. अनेक ठिकाणी शेतं खारी पडली, पडीक राहिली आणि त्यात खारफुटी उगवली.

आता गंमत बघा. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण खाजनात उगवलेली खारफुटी तोडून शेत पुन्हा करायचं म्हटलं तर शेतकरी गुन्हेगार ठरू शकतो. निसर्ग वाचवला की अन्न आपोआप वाचतं असं नसतं, ते असं. बांधाच्या बाहेरची आणि आतली खारफुटी असा फरक जागेवर जाऊन करावा लागेल. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे. तिच्यातही सर्वेक्षणाबरोबर खारफुटीच्या रक्षणाचीच भाषा आहे, हा फरक तिथे नाही.

आता टँकर. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. त्यावर तीन मीटर पाऊस धरला तर साधारण 1,100 कोटी घनमीटर पाणी झालं. राज्यातलं सर्वांत मोठं धरण साळावली. कुर्डी गाव ज्याच्या पोटात गेलं ते. त्यात मावतं सुमारे 23 कोटी. म्हणून लोक म्हणतात, बाकीचं समुद्रात वाया जातं. मला हे वाक्य ऐकलं की राग येतो. तेच पाणी खाडीचा खारेपणा मागे रेटतं, खाजनातलं मीठ धुतं, मासळीला अन्न पुरवतं. प्रश्न चार महिन्यांच्या पाण्याचा नाहीच, उरलेल्या आठ महिन्यांच्या झिरपण्याचा आहे. जांभ्याचे सडे, म्हणजे पठारं, आणि घाटातलं जंगल पाऊस पिऊन सावकाश सोडतात. सड्यावर वसाहती उठल्या, आणि तुमच्या डिचोलीत व सत्तरीत लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या. खड्डा कोरडा ठेवायला पाणी उपसलं जाणार, आणि आसपासच्या झरी आटणार. 2012 मध्ये खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले. पण तुटलेली झर न्यायालयाच्या आदेशाने परत येत नाही.

आणि आता जी बाजू माझ्या नोकरीची आहे ती. नळाचं पाणी म्हणजे बव्हंशी वीज. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला किमान 0.27 युनिट लागतं, पंप-मोटरीतला ऱ्हास धरला तर 0.4 च्या आसपास. आकडा किरकोळ दिसतो, पण साळावलीच्या 160 एमएलडीच्या (दिवसाला 16 कोटी लिटर) प्रकल्पाएवढं पाणी तेवढ्या उंचीवर न्यायचं म्हटलं तर दिवसाला 60 हजारांहून जास्त युनिटं झाली. जलवाहिनीतून गळणारं प्रत्येक हजार लिटर म्हणजे गळलेली वीजसुद्धा. त्यामुळे नवा प्रकल्प बांधण्याआधी गळती बुजवा, हा सल्ला मी कुणालाही देईन. त्याला उद्घाटनाची फीत नसते, म्हणून तो कुणाला आवडत नाही.

ती वीज येते कुठून? गोव्यात मोठं वीज केंद्र नाही. आपला वाटा कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा कोळशाच्या केंद्रांतून येतो. कोरब्याच्या केंद्राला हसदेव नदीचं पाणी लागतं. म्हणजे फोंड्यातला नळ चालावा म्हणून छत्तीसगडात पाण्याची वाफ होते. आणि जास्त वीज आणायला तमनारची 400 केव्हीची वाहिनी आखली गेली, ती मोलेच्या अभयारण्यातून. जोडीला रेल्वेचं दुपदरीकरण आणि महामार्गाचं रुंदीकरण. त्या जंगलातून वाहणारं पाणी खांडेपार नदीत उतरतं, आणि खांडेपारवर ओपाचा पाणीपुरवठा प्रकल्प आहे, ज्याच्यावर फोंडा आणि तिसवाडी तालुके पाणी पितात. पंपाला वीज हवी म्हणून ज्या जंगलातून त्याच पंपाचं पाणी पाझरतं त्यालाच कापायचं! सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्ये सुचवलं की वाहिनी आधीच असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी. रेल्वेसाठी दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. लोक रस्त्यावर उतरले, चांदर गावच्या रुळांवर रात्री जमले, म्हणून हा विषय इतक्या लांब गेला. वीज खातं, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं) आणि वन खातं एका टेबलावर बसली असती तर जुना पट्टा पहिल्याच दिवशी दिसला असता, असं माझं मत.

म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी असलेल्या वादातही हेच आहे, फक्त ते चर्चेत येत नाही. लवादाच्या 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) मिळाले, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत, आणि ते पाणी कागदावर ‘न वापरलेलं’ धरलं जातं. पण टर्बाइनच्या वेळेवर सोडलेलं पाणी आणि नदीच्या चालीने आलेलं पाणी खाडीच्या दृष्टीने सारखं नाही. एप्रिलमध्ये गोडं पाणी किती उतरतं यावर खारी हद्द कुठवर चढते ते ठरतं.

तिसरा प्रश्न, सौर पंप. इथे मी थोडा सावध आहे. सौर पंपाला सरकारी अनुदान मिळतं, 2019 पासून केंद्राची कुसुम योजना आहे. कोळसा वाचतो हे खरं. पण पंप चालवायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर तो बंद करावासा कुणाला वाटत नाही. वीज बिल हा विहिरीवरचा एकमेव पहारेकरी होता, तोही रजेवर गेला असं समजा. डिचोलीत, जिथे खाणींनी भूजल आधीच खाली ओढलंय, तिथे हा धोका जास्त. आणि शेजाऱ्याची विहीर तुमच्याच जांभ्यातून भरते, हे विसरू नका.

आमच्या कुळागरात पोफळी, माड, केळी, मिरी आणि जायफळ यांना अजून वरच्या झरीचं पाणी पाटाने येतं, उताराच्या जोरावर. पंप आहे, पण तो मार्चनंतर. तुमच्या जमिनीला उतार आणि वर झर असेल तर आधी पाट साफ करा, झरीच्या वरच्या बाजूची झाडं राखा. त्यातून भागत नसेल तर पंप घ्या, पण लहान घ्या. विहिरीतल्या पाण्याची पातळी चवथीच्या सुमारास आणि एप्रिलअखेर दोरीने मोजून वहीत लिहा. एप्रिलचा आकडा वर्षागणिक खाली जात असेल तर तास कमी करा. टाकी उंचावर बांधून दिवसा भरून ठेवा आणि ठिबकने संध्याकाळी सोडा, म्हणजे बॅटरीचा खर्च वाचतो आणि दुपारच्या उन्हात उडणारं पाणीही. नवी विहीर किंवा बोअर मारणार असाल तर 2002 च्या भूजल नियमन कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी लागते, टँकरवाल्याला पाणी विकायचं असेल तर तीही. ती सोडून कुणी काम करून देतो म्हणालं तर नाही म्हणा. आणि दुरुस्तीला माणूस किती लांबून येतो, हे पंपाच्या किमतीआधी विचारा.