बारगळलेलं विधेयक आणि तरीही आलेली निर्यातबंदी

तुमचे प्रश्न असे: ब्रिटनचं पाळीव प्राण्यांचं विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं, मग जिवंत जनावरांच्या निर्यातीवर बंदी आली कुठून? 2020 नंतर तिथून कत्तलीसाठी एकही जनावर बाहेर गेलेलं नसेल तर कायद्याचा उपयोग काय? आणि पुण्याहून लंडनला कुत्रा नेताना यातलं काही आडवं येईल का? कुत्र्याचं शेवटी सांगतो.

ते मूळ विधेयक म्हणजे गाठोडं होतं. जून 2021 मध्ये मांडलं तेव्हा त्यात निर्यातबंदी, घरात माकडं पाळण्यावर निर्बंध, मेंढ्यांच्या मागे लागणारी कुत्री, पिल्लांची चोरटी आयात, प्राणिसंग्रहालयं असं सगळंच होतं. पाळीव प्राण्यांच्या चोरीचं कलम नंतर जोडलं. मे 2023 मध्ये सरकारने ते सोडून दिलं. विरोधक त्यात भलते विषय घुसडू पाहतायत, हे कारण पुढे केलं. मला ते पटलं नव्हतं, कारण दोन वर्षं विधेयक रखडवलं ते सरकारनेच. पण गाठोडं सुटल्यावर एकेक कलम स्वतंत्रपणे पुढे सरकलं. निर्यातबंदीचा कायदा सरकारनेच आणला, त्याला 20 मे 2024 ला मंजुरी मिळाली. कुत्र्या-मांजरांच्या चोरीचा कायदा त्याच आठवड्यात, तोही एका खासदाराच्या खासगी विधेयकातून.

आता मुख्य मुद्दा. 2020 नंतर निर्यात थांबली ती दयाबुद्धीने नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि इंग्लिश खाडीपलीकडच्या युरोपीय बंदरांत जनावरांच्या तपासणीची सोय नव्हती, म्हणून धंदा बसला. म्हणजे अडथळा कागदपत्रांचा आणि गोठ्यांचा होता. ती सोय कोणी बांधून दिली की ट्रक पुन्हा सुरू. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी प्राणी-वनस्पती आरोग्य तपासणीसाठी करार करायचं ठरवलं, सीमेवरची तपासणी कमी व्हावी म्हणून. ती सोपी झाली की जनावरांची वाट मोकळी होऊ शकते. तिथे आडवा उभा राहतो तो हा कायदा. म्हणून ‘आधीच बंद दाराला कुलूप’ ही टीका मला उथळ वाटते.

युरोपीय संघात असताना ब्रिटनचे हात खरोखर बांधलेले होते. वासरांना जेमतेम उभं राहता येईल अशा लाकडी खोक्यांत वाढवणं ब्रिटनने 1990 मध्ये बंद केलं, पण युरोपात ते 2006 अखेरपर्यंत चालू होतं. दूधधंद्यात गोऱ्ह्यांना घरी किंमत नाही, म्हणून ते त्याच खोक्यांत जायला जहाजावर चढत. 1995 मध्ये इंग्लंडमधल्या शोरहॅम आणि ब्राइटलिंगसीच्या बंदरांवर लोक रस्त्यावर उतरले. कॉव्हेंट्री विमानतळाबाहेर वासरांच्या ट्रकखाली जिल फिप्स ही निदर्शक मरण पावली. तरी 1998 मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, एका देशाला अशी निर्यात परस्पर अडवता येणार नाही.

कायद्यात फटी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. गाई-बैल, मेंढ्या, शेळ्या, डुकरं, घोडे यांना कत्तलीसाठी किंवा तिकडे पोसून मग कापण्यासाठी पाठवता येत नाही, पण पैदाशीसाठी येतं. कोंबड्या यात नाहीतच. उत्तर आयर्लंडही वगळलंय, कारण तिथले शेतकरी दक्षिणेकडे आयर्लंड प्रजासत्ताकात जनावरं नेहमीच नेतात आणि उत्तर आयर्लंडमध्ये याबाबत युरोपीय नियम चालतात. पैदाशीच्या नावाखाली काय जातं ते बघणारी यंत्रणा किती नेटाने काम करते, यावर बरंच अवलंबून आहे. ग्रेट ब्रिटनच्या आतल्या आत लांबच्या वाहतुकीलाही हा कायदा हात लावत नाही.

(आपल्याकडे नेमकं त्याच 2023 च्या जूनमध्ये जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने विरोध होताच मागे घेतला. आणि आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पहिल्या गुन्ह्याला अजून 10 ते 50 रुपये दंड लावतो. इंग्लंडमध्ये 2021 पासून क्रूरतेला कमाल पाच वर्षं कैद आहे.)

आता कुत्रा. निर्यातबंदीशी त्याचा संबंध नाही. 2025 मध्ये कुत्री-मांजरं आणण्यावर निर्बंध घालणारा वेगळा कायदा झालाय. सहा महिन्यांखालची पिल्लं, पोट बरंच वाढलेल्या गाभण कुत्र्या, कान कापलेली कुत्री यांना रोखणं हा त्याचा हेतू आहे, पण प्रत्यक्ष अटी सरकारच्या नियमावलीतून लागू व्हायच्या आहेत. तुमचा कुत्रा प्रौढ असेल तर खरी डोकेदुखी जुन्याच नियमांची. भारत ब्रिटनच्या मान्य देशांच्या यादीत नाही. म्हणून आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. क्रम चुकवू नका. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. लंडनला पोचण्याच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचं औषध पशुवैद्याकडून द्यायचं आणि नोंद कागदावर घ्यायची. विमानात तो तुमच्या पायाशी बसून येणार नाही, मालवाहू विभागातूनच येईल. तेव्हा तिकीट काढण्याआधी किमान पाच महिने हाताशी ठेवा.