हृदयात कायम रक्त भरलेलं असतं, मग ब्लॉकेजने त्याला रक्त कमी कसं पडतं? वडिलांना ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ चढतानाच छातीत दाब का येतो?

कप्प्यांतलं रक्त हृदयाला स्वतःसाठी जवळजवळ वापरताच येत नाही. डाव्या निलयाची (शरीराला रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) भिंत साधारण १ सेंटिमीटर जाड असते. आतल्या रक्तातून तिच्या अगदी पातळ अस्तरालाच काय तो प्राणवायू मिळतो. बाकी स्नायूला रक्त येतं बाहेरून. महाधमनी सुरू होते तिथेच, झडपेच्या लगेच वर, दोन कॉरोनरी धमन्यांची (हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या वाहिन्यांची) तोंडं असतात. उजवी वळून हृदयाच्या खालच्या बाजूला जाते. डावी थोड्याच अंतरावर दुभंगते: एलएडी नावाची फांदी समोरून टोकाकडे, सर्कमफ्लेक्स नावाची मागे.

खरी गोम वेळेची आहे. निलय आवळतो तेव्हा भिंतीतल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात, म्हणून डाव्या बाजूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे मिळतं. लोकल थांबते तेवढ्यातच चढायचं, तसं. नाडी ७५ असेल तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात सुमारे ०.५ सेकंद विश्रांती. चढावर नाडी १३०-१४० झाली की कात्री लागते ती मुख्यतः या विश्रांतीलाच, आणि मागणी मात्र वाढलेली.

हातापायांचे स्नायू अशा वेळी त्याच रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतात. हृदय बसल्या जागीही ७० टक्क्यांच्या आसपास ओढतच असतं. त्यामुळे प्रवाह वाढवणं एवढाच मार्ग उरतो. निरोगी धमन्यांत तो चार-पाच पट वाढतो. ब्लॉकेजमुळे एलएडीची रुंदी ७० टक्के गेली असेल तर पुढच्या बारीक वाहिन्या घरात बसल्यावरही बऱ्याच रुंदावलेल्या असतात, चढासाठी शिल्लक फारशी राहत नाही. नाडी संथ करणारी गोळी देतात त्यामागे हेच गणित आहे, ती मनाने बंद करू नये. आणि बसून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून ‘गॅस असेल’ असंही म्हणू नये.

चढावरचा दाब थांबल्यावर काही मिनिटांत जातो. बसल्या जागी आला, जात नाही, घाम-मळमळ आहे, तर प्रकरण वेगळं: धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरलेली असू शकते. हे ४०-५० टक्क्यांच्या ब्लॉकेजवरही होतं. धमनी पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो, आधी आतला थर. अशा वेळी १०८ ला फोन करा. वडिलांना स्वतः गाडी चालवत घोडबंदर रोडवर तर मुळीच जाऊ देऊ नका.