सी शार्प प्रोजेक्टमध्ये नेमस्पेसची नावं आणि रचना कशी ठेवावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नेमस्पेस (म्हणजे संबंधित क्लास ज्या एका नावाखाली ठेवतात तो गट) फोल्डरप्रमाणेच ठेवायची का, आणि कंट्रोलर्स, सर्व्हिसेस, मॉडेल्स ही नेहमीची विभागणी चालेल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, प्रोजेक्ट वाढणार असेल तर नाही.

बिलात सवलतीचा एक रकाना वाढवायचा असेल, तर त्या विभागणीत तिन्ही फोल्डर उघडावे लागतात आणि प्रत्येकात बिलाशी संबंध नसलेल्या फाइलींची गर्दी असते. त्यापेक्षा बिलिंग, ऑर्डर्स, इन्व्हेंटरी अशी कामानुसार नेमस्पेस करा. एकत्र बदलणारा कोड एकत्र राहतो आणि नवा माणूस नुसती यादी वाचून सांगतो की हे सॉफ्टवेअर काय करतं. कॉमन, हेल्पर्स, युटिल्स या नावांना मात्र सुरुवातीपासून थारा देऊ नका. कुठे ठेवायचं ते न सुचलेलं सगळं तिथेच साठत जातं.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. क्लास बाहेरच्या कोडपासून लपवणारा इंटर्नल हा शब्द असेंब्लीपुरता (म्हणजे एका प्रोजेक्टमधून तयार होणाऱ्या फाइलीपुरता) चालतो, नेमस्पेसपुरता नाही. जावामध्ये पॅकेजपुरती दृश्यता मिळते, तशी इथे नाही. बिलिंगमधला कोड ऑर्डर्सला खरोखरच दिसू नये असं वाटत असेल, तर वेगळा प्रोजेक्टच करावा लागतो.

नावांचा क्रम मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला आहे: आधी कंपनी, मग प्रॉडक्ट, मग वैशिष्ट्य. टीमचं किंवा विभागाचं नाव त्यात घालू नका. टीम मोडतात, नवीन बनतात, कोड मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो.

नेमस्पेस आणि क्लास यांना एकच नाव कधीही देऊ नका. बिलिंग नेमस्पेसमध्ये बिलिंग नावाचाच क्लास असला, तर शेजारच्या ऑर्डर्समधून नुसतं बिलिंग लिहिल्यावर कंपायलर त्याला नेमस्पेस समजतो आणि एरर देतो. फाइलीत वर यूजिंग (दुसरी नेमस्पेस वापरात आणणारी ओळ) लिहूनही ती एरर जात नाही, म्हणून नवशिके तासन्‌तास अडकतात. कंपनीच्या नावानंतर सिस्टम हा तुकडा जोडलात तरी असाच घोळ होतो.

फोल्डरच्या नियमाला एक अपवाद मला पटतो. सर्व्हिस कलेक्शनवरच्या (म्हणजे ॲपला लागणाऱ्या सर्व्हिसेसच्या यादीवरच्या) एक्स्टेन्शन मेथड, म्हणजे बाहेरून जोडलेल्या मेथड, बऱ्याच लायब्ररी मुद्दाम मायक्रोसॉफ्ट.एक्स्टेन्शन्स.डिपेन्डन्सीइंजेक्शन या नेमस्पेसमध्ये ठेवतात, म्हणजे वापरणाऱ्याला त्या आपोआप सुचवल्या जातात.

जुन्या प्रोजेक्टात हे करायचं असेल तर एकेक वैशिष्ट्य हलवा. त्याआधी क्लासचं पूर्ण नाव डेटाबेसमध्ये किंवा मेसेज क्यूमध्ये (प्रोग्राम एकमेकांना पाठवतात त्या संदेशांच्या रांगेत) साठवलं जातंय का, ते तपासा. तसं असेल तर नेमस्पेस बदलल्यावर जुन्या नोंदी वाचता येत नाहीत. टाइप फॉरवर्डिंगही (हलवलेला क्लास जुन्या जागेवरून नव्या जागी शोधायला लावणारी सोय) इथे उपयोगी नाही, कारण ते फक्त असेंब्ली बदलली तर चालतं, नाव बदललं तर नाही.