आजोबांचा दगडी गोठा पाडून नवं घर बांधावं की गोठ्याचंच घर करावं?

तुमचा गोठा सांगलीकडचा, दगड-मातीतला, वर पत्रा. राहणार चौघं, आणि उन्हाळा एसीशिवाय निघावा ही अपेक्षा. आम्ही सातारा जिल्ह्यात आमच्या गोठ्याचं घर केलंय, त्यावरून सांगतो. भिंती धड असतील तर पाडू नका. दीड-दोन फुटांची दगडी भिंत आज नव्यानं बांधायला गेलात तर परवडणार नाही.

भिंत धड आहे का, हे आधी ओळंबा लावून बघा. कुठं पोट सुटलं असेल तर सावध व्हा. या भिंती म्हणजे आत-बाहेर दगडाचे दोन पदर आणि मध्ये भर. पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर भूकंपात पदर सुटून भिंत कोसळते. १९९३ ला किल्लारीत अशाच भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) ओझ्यानं माणसं गाडली. तुमच्याकडे कोयनेचा भूकंपाचा पट्टाही फार लांब नाही. उपाय आहे: जागोजागी भिंतीला भोक पाडून सळईसकट काँक्रीटचे आरपार बंध घालायचे आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा फिरवायचा. हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

आता गोठ्याचं खरं दुखणं. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं जनावरांचं मूत. जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पूर्वी दारूगोळ्यासाठी लागणारा सोरा लोक गोठ्यातल्या मातीतूनच काढायचे. हे क्षार हवेतली ओल ओढतात, म्हणून छत कुठंही गळत नसताना पावसाळ्यात भिंत घामेजते आणि गव्हाणीच्या उंचीपर्यंत लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो. गवंडी म्हणेल, "सिमेंटचा गिलावा मारू, बंद होईल." होत नाही. ओल आत कोंडते, वर चढते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात.

आम्ही जमीन फूट-दीड फूट खणून ती माती शेतात टाकली (खत म्हणून उत्तम). दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, खोल खरवडल्या. मग भिंतीला चिकणमाती आणि वाळूचा ओला लेप दिला. तो वाळताना क्षार ओढून घेतो. पूर्ण वाळला की पाडून टाकायचा, आणि पुन्हा नवा द्यायचा. शेवटी चुन्याचा गिलावा, तोही पहिला बळीचा बकरा समजून. पावसाळा गेल्यावर खराब भाग काढून परत केला. रंगही चुन्याचाच. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट तिथं नको. घाईचं काम नाही हे, पण इथं पैसे वाचवलेत तर दरवर्षी रंगवत बसाल.

गारव्यासाठी खर्च छतावर करा. बैठ्या घरात उष्णता मुख्यतः वरूनच येते. पत्रा काढून मंगलोरी कौलं घाला. कौलांखाली हवा खेळेल इतकी फट, तिच्याखाली इन्सुलेशन, मग फळ्या. आढ्यापाशी गरम हवा निघायला वाट ठेवा. युट्यूबवर विलायती तबेल्यांची घरं दाखवतात, त्यात भिंतींना आतून जाड इन्सुलेशन चढवलेलं असतं. ते थंडीसाठी. आपल्याला दगडाचा गारवा आतच हवाय, तो झाकू नका. समोरासमोर खिडक्या काढा, रात्री उघड्या, दुपारी बंद. पश्चिमेला पडवी काढलीत तर निम्मं काम झालं.

लाकडी खांब तळाशी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. वाळवीनं पोखरलेला असेल तर सडका भाग कापून खांब उंच तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) बसवा.

विजेचं सोपं आहे. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे साधारण ३० वॅटवर चालतात, जुने ७५ च्या आसपास घेतात. सोलर कौलांवर नको, शेजारी पत्र्याची शेड असेल तर तिच्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसवा. घरगुती सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण मीटर घरगुती लागतो, त्यामुळे त्याआधी जागा गावठाणात आहे की सातबाऱ्यावर, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद गोठा म्हणून आहे की घर म्हणून, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) बघून घ्या.