‘प्लीज गाइड मी’ला उत्तर का येत नाही?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईची, सध्या संभाजीनगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात इंजिनिअर होणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. लिंक्डइनवर चाळीसेक जणांना ‘प्लीज गाइड मी’ असा मेसेज केला, एकाचंही उत्तर नाही. एक क्लासवाले ‘मेंटॉरशिप आणि प्लेसमेंट गॅरंटी’चे ८०,००० रुपये मागतात. पप्पा म्हणतात, सोयाबीन विकून भरू. बाजार समितीचे भाव गोळा करणारा एक प्रोजेक्ट पायथनमध्ये सुरू केला होता, पण एक्सेलमध्ये मराठी नावं विचित्र दिसायला लागली म्हणून सोडून दिला. काय करू?

उत्तर : आधी पप्पांना फोन कर आणि पैसे भरू नका म्हणून सांग. शिकवायची फी कोणी घेतली तर माझी हरकत नाही. पण नोकरी कंपनी देते, तिची गॅरंटी क्लासवाला कशाच्या जोरावर देणार?

त्या चाळीस जणांचं मनाला लावून घेऊ नकोस. सॉफ्टवेअरमध्ये असताना मलाही असे मेसेज यायचे. उत्तर द्यावंसं वाटायचं, पण द्यायचं काय, तेच कळायचं नाही. मुलगा काय शिकलाय, कुठे अडलाय, काहीच लिहिलेलं नसायचं. ‘निवांत लिहू’ म्हणून ठेवलेले कितीतरी मेसेज तसेच राहिले, याची मला आजही चुटपुट लागते.

तुझ्या पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. चाळीस जणांना तोच पाठवायला हवा होतास, असा : ‘बाजारभावांची सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ मध्ये लिहिते. नोटपॅडमध्ये कांदा, सोयाबीन नीट दिसतात. एक्सेलमध्ये उघडलं की त्या जागी अगम्य चिन्हं येतात. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही.’ यावर जाणकार माणूस चहा पिता पिता उत्तर देईल : फाईल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत; यूटीएफ-८ ही त्यातलीच एक) ‘यूटीएफ-८-सिग’ दे. त्याने फाईलच्या सुरुवातीला एक छोटी खूण बसते आणि एक्सेलला फाईल कशी वाचायची ते कळतं. बहुतेक एवढंच अडलं असावं. करून बघ. झालं की त्या माणसाला ‘झालं’ म्हणून नक्की कळव. महिन्याने दुसरा प्रश्न घेऊन गेलीस की तो तुला ओळखतो. मेंटॉर बहुधा असाच मिळतो.

आणि दहा-पंधरा वर्षं अनुभवाच्या माणसाच्या मागे लागू नकोस. तुझ्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली ताई शोध. पहिल्या इंटरव्ह्यूत काय विचारलं, ट्रेनिंगमध्ये कुठे धडपडले, हे तिला अजून ताजं आठवत असतं. तिचा नंबर प्लेसमेंट सेलकडे नाहीतर एखाद्या मॅडमकडे मिळेल.

रीतसर मेंटॉर हवा असेल तर ‘गूगल समर ऑफ कोड’ बघ. गूगलचा हा उपक्रम २००५पासून चालतो, वय १८ पूर्ण लागतं. ओपन सोर्स, म्हणजे आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणारी, संस्था तुला मेंटॉर देते, काम ९०, १७५ किंवा ३५० तासांचं असतं आणि मानधनही मिळतं. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतात, पण ज्या संस्थेकडे जायचं तिचा कोड दोन-तीन महिने आधीपासून वाचायला घे, एखादी बारीक चूक दुरुस्त करून पाठव. ‘आउटरीची’ची इंटर्नशिपही बघ. तंत्रज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांसाठी ती आहे, म्हणून मुलींनी तर बघायलाच हवी. तिथेही निवडीआधी तुझं काम पाहतात. दोन्हीकडे अर्जाला पैसे लागत नाहीत. स्पर्धा भरपूर असते, पहिल्या वर्षी निवड झाली नाही तरी वाचलेला कोड तुझाच.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण असेल असं वाटतं. प्रश्न मुद्देसूद असला की मोडक्यातोडक्या इंग्रजीला कोणी हसत नाही.

या रविवारी तो भावांचा प्रोजेक्ट पुन्हा उघड. कांदा ‘कांदा’ दिसायला लागला की गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकून मला लिंक पाठव. रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाईल, मराठीत असली तरी चालेल.