पिशवीत पुन्हा हवा का शिरते?

प्रश्न : मटण आणि सुरमई महिन्याची एकदम आणतो. व्हॅक्यूम सीलरने बंद केलेल्या पिशव्या दोन दिवसांत सैल पडतात. मशीन बदलावं का?

उत्तर : एवढ्यात नको. बहुतेक वेळा दोष ओलाव्याचा असतो. हवा ओढताना मांसातलं पाणी वर चढतं, सीलच्या पट्टीवर येतं आणि तिथलं प्लास्टिक नीट वितळत नाही. सील उजेडात धरून पाहा. मध्येच बुडबुडे किंवा सुरकुती दिसली, तर हवा तिथूनच शिरते आहे.

तुकडे धुतल्यावर कापडाने कोरडे टिपा, ताटात सुटे मांडून तास-दीड तास फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मगच पिशवीत भरा. पिशवीचं तोंड भरताना बाहेर दुमडून ठेवा, म्हणजे कडेला रस लागत नाही. वर चार बोटं जागा सोडा आणि दोन सील मारा. नळीच्या हाडाची टोकं पिशवी भोकसतात, त्यांवर जाड कागदाची घडी ठेवा.

तरीही हवा शिरली, तर झाकणाखालची रबरी पट्टी तपासा. नवं मशीन घेतलंच, तर ही पट्टी सुटी मिळते का ते आधी विचारा. हाताने सील करायचं वेगळं बटण आणि रस साठवणारा, काढून धुता येणारा ट्रे हवाच. अशा मशीनला एका बाजूने खडबडीत असलेल्याच पिशव्या लागतात.

मासे फ्रिजमध्ये वितळवायला ठेवताना पिशवी आधी कापा. हवाबंद पिशवीत बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात.